हातातला कॅमेरा आणि ट्रंकेतली फीत



चालकांनी मला विषय विचारला तेव्हा त्यांची अशी समजूत असावी की मी किमान वेतन, बोनस किंवा ठेकेदारी ह्यांपैकी काहीतरी सांगेन. ती समजूत चुकीची म्हणता येणार नाही. तीस वर्षे मी तेच बोलत आलो आहे आणि ऐकणाऱ्यांना ते पाठ झाले आहे. मी म्हटले, "टेपच्या हँडीकॅमवर बोलेन." क्षणभर पलीकडे शांतता पसरली. मग हळूच विचारणा झाली, "पण तो आता वापरतो कोण?"

कोणी वापरीत नाही, हे मला मान्य आहे. आज प्रत्येकाच्या खिशात फोन आहे आणि फोनमध्ये कॅमेरा आहे. परंतु २००० सालाच्या सुमारास आणि त्यापुढची दहा-बारा वर्षे आपल्या जिल्ह्यात जी लग्ने झाली, जे सत्कार, मोर्चे आणि उपोषणे झाली, त्यांतले पुष्कळसे चित्रण काड्यापेटीहून थोड्या मोठ्या अशा एका कॅसेटवर झालेले आहे. मिनी डीव्ही हे तिचे नाव. भूमला, परंड्याला, कळंबला, तुळजापूरला, तुमच्या-आमच्या घरी ट्रंकेत, कपाटाच्या माथ्यावर, शिलाई मशिनच्या खणात ह्या कॅसेटी पडून आहेत. त्यांत आता हयात नसलेली माणसे बोलत आहेत. पण ती वाजवणारे यंत्र बंद पडले आहे, दुरुस्त करणारा हात म्हातारा झाला आहे, आणि फीत दर उन्हाळ्याला थोडी थोडी खराब होत आहे. तेव्हा प्रश्न जुन्या यंत्राच्या हौसेचा नाही. यंत्र समजल्याशिवाय फीत वाचत नाही, आणि फीत वाचली नाही तर तिच्यातला माणूसही वाचत नाही.

मी इंजिनियर नाही. जे शिकलो ते चुका करून शिकलो. त्यांतली सर्वांत मोठी चूक आधी सांगतो, म्हणजे पुढचे बोलणे कशासाठी आहे ते आपल्या ध्यानात येईल.

२००५ साली आम्ही युनियनसाठी वर्गणी काढून एक जुना हँडीकॅम घेतला. एका कारखान्यातल्या ठेक्यावरच्या कामगारांचे प्रकरण तेव्हा चालू होते. मालकाचे म्हणणे, ही माणसे आमची नव्हेतच. हजेरीपट ठेकेदाराकडे, आणि ठेकेदार सापडत नाही. आम्ही ठरवले की प्रत्येक कामगाराने फाटकासमोर उभे राहून आपले नाव, गाव, काम आणि किती वर्षे काम करतो ते कॅमेऱ्यापुढे सांगावे. चौसष्ट माणसे रांगेत उभी राहिली. कोणी लाजत बोलला, कोणी भाषण केले, एका म्हाताऱ्याने टोपी काढून कॅमेऱ्याला नमस्कार केला. चाळीस मिनिटांची फीत झाली. कॅसेटवर मी बॉलपेनने "गेट" एवढेच लिहिले आणि ती कचेरीतल्या खणात टाकली.

प्रकरण पुढे तडजोडीने मिटले. फितीची गरज पडली नाही, आणि ती विस्मरणात गेली.

२०१८ साली एक बाई आपल्या मुलीला घेऊन कचेरीत आल्या. त्यांचे यजमान त्या रांगेतले, बॉयलरवर मदतनीस होते. दोन वर्षांपूर्वी ते वारले होते. त्यांचे नाव मी येथे घेत नाही. मी समजलो, फंडाचे काही काम असेल. बाई म्हणाल्या, "भाऊ, कागद नको. तुम्ही तवा शूटिंग केलं होतं न्हवं, त्यात ह्यांचा आवाज आसंल. पोरीला ऐकवायचाय." घरात त्यांचा एक फोटो होता, आवाज कोठेच नव्हता.

मी मोठ्या विश्वासाने खण उघडला. कॅसेट मिळाली. कॅमेरा चालू केला. पडद्यावर आमच्या पुतण्याची हळद सुरू झाली. अकरा मिनिटे हळद. घरच्या कार्यात ऐन वेळी कोरी कॅसेट मिळेना म्हणून मीच कधीतरी ती दिली होती. रांगेत त्या बाईंचे यजमान चौथे होते. त्यांची जागा त्या अकरा मिनिटांत होती.

त्या दिवशी मी ठरवले की हे यंत्र नीट शिकून घ्यायचे. उशीर झाला होता. पण खणात आणखी एकतीस कॅसेटी होत्या.

आता यंत्राकडे वळू. हँडीकॅमच्या भिंगातून आलेला उजेड आत एका चिपवर पडतो. तेथे त्याची वीज होते आणि त्या विजेचे आकडे केले जातात. हे आकडे चुंबकीय फितीवर लिहिले जातात. आधीच्या व्हीएचएस कॅसेटीतही फीतच होती, मग फरक कोणता? फरक आकड्यांचा. आम्ही युनियनवाले पूर्वी पत्रके कार्बन लावून काढीत असू. पहिली प्रत ठळक, दुसरी बरी, पाचवी वाचायला चष्मा लागे. व्हीएचएसची नक्कल तशी होती. प्रत्येक नकलेत चित्र थोडे फिके होई. मिनी डीव्हीत आकडे लिहिलेले असतात. हजेरीपटावर सात लिहिले आहे; ते शंभर वेळा उतरवून काढा, सात हे सातच राहते. म्हणून ह्या फितीची नीट घेतलेली नक्कल मुळाइतकीच चांगली असते. ह्या एका गोष्टीवर आपली सर्व आशा आहे.

ही पद्धत १९९५ साली बाजारात आली. अनेक कंपन्यांनी मिळून एकच माप ठरवले, म्हणून एका कंपनीच्या कॅमेऱ्यातली फीत दुसरीच्या कॅमेऱ्यात चालू लागली. फीत पाव इंच रुंद. आपल्याकडच्या पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे. प्रत्येक चित्र फितीवर १२ तिरप्या रेघांत लिहिले जाते, म्हणजे सेकंदाला ३०० रेघा. ह्या रेघा ओढण्यासाठी आत एक लहानसा ड्रम असतो. त्यावर लिहिणारी दोन हेड असतात आणि तो मिनिटाला ९,००० फेरे घेतो. मिनिटाला ९,००० म्हणजे सेकंदाला १५०. दोन हेड, म्हणून ३०० रेघा. हिशेब बरोबर जुळतो. हे प्रथम समजले तेव्हा मला एखादी अवघड तडजोड जुळल्यासारखा आनंद झाला होता.

आणि एका रेघेची रुंदी किती? मिलिमीटरचा शंभरावा भाग. आपल्या डोक्याच्या एका केसाच्या जाडीत अशा पाच-सात रेघा सहज मावतील. तासाभराच्या कॅसेटमध्ये सुमारे ६८ मीटर फीत असते, आणि तिच्यावर दहा लाखांहून अधिक रेघा. आता विचार करा, धुळीचा एक कण त्या हेडवर बसला तर काय होईल. आपल्या चैत्र-वैशाखात धुळीला तोटा नाही. म्हणून हा कॅमेरा वापरणाऱ्याने पहिला नियम असा पाळावा, की कॅसेटचे झाकण उघड्यावर, वाऱ्यात, गाडीच्या टपावर उघडू नये. घरात किंवा गाडीत बसून, हात पुसून कॅसेट बदलावी. पडद्यावर चौकोनी ठिपके दिसू लागले तर हेड मळले असे समजावे. त्यासाठी कोरडी साफसफाईची कॅसेट मिळते. ती दहा सेकंद चालवावी आणि थांबावे. ती खरवडणारी फीत आहे. देवाची भांडी रोज चिंचेने घासतात तशी ती रोज चालवली तर हेडच झिजते.

दुसरा शत्रू ओल. पावसाळ्यात थंड हवेच्या गाडीतून कॅमेरा एकदम बाहेर दमट हवेत काढला की त्या ड्रमवर दव साठते आणि फीत त्याला चिकटते. चांगला कॅमेरा अशा वेळी स्वतःच काम नाकारतो. त्याच्याशी भांडू नये. कॅसेट बाहेर निघत असेल तर काढावी, एक तास थांबावे. यंत्राने केलेला संप बहुधा रास्त कारणासाठी असतो.

मालेगावचे उदाहरण पुष्कळांना ठाऊक असेल. यंत्रमागांच्या त्या गावात शेख नासिर ह्यांनी २००० साली 'मालेगाव के शोले' हा चित्रपट गावातल्याच माणसांना घेऊन, साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर केला. पुढे त्यांनी सुपरमॅनचा चित्रपट हाती घेतला. त्यातला सुपरमॅन यंत्रमागावर काम करणारा एक कामगार होता. त्या चित्रणाच्या वेळी कॅमेरा पाण्यात पडला आणि सगळे काम खोळंबले. २००८ सालच्या 'सुपरमेन ऑफ मालेगाव' ह्या माहितीपटात तो प्रसंग आहे. हसू येते आणि पोटात कालवतेही. गरिबाच्या हाती एकच कॅमेरा असतो. तो गेला की चित्रपटच गेला.

आता वापराकडे. पाच गोष्टी सांगतो. त्या मला २००५ साली कोणी सांगितल्या असत्या तर बरे झाले असते.

पहिली गोष्ट, कॅसेटच्या कडेची लहान खिट्टी. तिच्या एका बाजूला रेकॉर्ड आणि दुसऱ्या बाजूला सेव्ह असे लिहिलेले असते. चित्रण संपले, कॅसेट बाहेर आली, की खिट्टी सेव्हकडे सरकवावी. मग त्या फितीवर कोणालाही काही लिहिता येत नाही. हे काम एका नखाचे आहे. ते मी केले नाही, आणि एका मुलीच्या बापाचा आवाज गेला. फितीवर नव्या रेघा ओढल्या की जुन्या उरत नाहीत. पाटी पुसल्यावर निदान थोडी पांढरट खूण राहते; येथे तीही राहत नाही.

दुसरी गोष्ट, घड्याळ. चित्राबरोबर तारीख आणि वेळ फितीवर आपोआप लिहिली जाते, पण आपण घड्याळ लावले असेल तर. आम्ही लावले नव्हते. एका बैठकीत आम्ही मोठ्या ऐटीत मोर्चाचे चित्रण दाखवले, तर वर तारीख मोर्चाच्या तीन वर्षे आधीची. समोरचे वकील नुसते हसले. त्यांना आणखी काही करण्याची गरज पडली नाही.

तिसरी गोष्ट, वेळेची साखळी. कॅमेरा तास, मिनिटे, सेकंद आणि चित्राचा क्रमांक असा हिशेब फितीवर ठेवीत जातो. मधे कोरी फीत सुटली की हिशेब पुन्हा शून्यापासून सुरू होतो. मग एकाच फितीवर दोन "पाचवे मिनिट" होतात आणि शोधताना डोके फिरते. म्हणून प्रत्येक प्रसंगानंतर चार-पाच सेकंद जादा चित्रण करावे आणि पुढची सुरुवात त्या जादा भागावरून करावी. हजेरीपटात कोरी ओळ सोडू नये, हा नियम आपल्याला ठाऊकच आहे.

चौथी गोष्ट, लाँग प्ले. ह्या कळीने साठ मिनिटांच्या कॅसेटवर नव्वद मिनिटे मावतात. माणसाला वाटते, तीस मिनिटे फुकट मिळाली. पण त्यासाठी रेघा आणखी अरुंद होतात, आणि एका कॅमेऱ्यावर लिहिलेली फीत दुसऱ्यावर वाजेलच अशी खात्री उरत नाही. ओव्हरटाइमचे पैसे न देता जादा काम घेतले की शेवटी काम बिघडते, त्यातलाच हा प्रकार.

पाचवी आणि सर्वांत मोठी गोष्ट आवाज. चित्र थोडे हलले, उजेड कमी पडला, तरी माणूस ओळखता येतो. आवाज गेला की चित्रातला माणूस मुका होतो. कॅमेऱ्यावरचा माइक जवळचे आधी ऐकतो. सभेत दहा हात लांब उभे राहिलात तर वक्त्याऐवजी शेजाऱ्याचे खोकणे टिपले जाते. म्हणून जवळ जावे किंवा वेगळा माइक लावावा, आणि कानाला हेडफोन लावून खात्री करून घ्यावी. आवाजाच्या दोन पद्धती असतात, बारा बिटची आणि सोळा बिटची, सोळाची ठेवावी. आणि कॅमेरा चालू असताना आपण स्वतः बोलू नये. आमच्या निम्म्या फितींवर माझाच आवाज आहे: "पुढं सरका, पुढं सरका."

हे झाले यंत्राचे. आता कॅमेरा धरणाऱ्याने उभे कोठे राहावे, हा प्रश्न. हे शिकण्यासाठी मुंबईला जाण्याची गरज नाही. उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याने निघा. हुमनाबाद ओलांडले की पुढे जहिराबाद येते. त्याच्या जवळ पस्तापूर येथे डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी ह्या संस्थेचे काम आहे. पी. व्ही. सतीश हे तिचे एक संस्थापक. २०२३ साली ते वारले. त्या भागातल्या दलित शेतकरी बायका, ज्यांतल्या पुष्कळ जणींनी शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते, १९९०च्या दशकाच्या शेवटी व्हिडिओ कॅमेरा शिकल्या. बियाणे, ज्वारी-बाजरी, आपले कष्ट ह्यांवर त्यांनी चित्रपट केले. वरंगळच्या शेतकऱ्यांनी बीटी कापसात काय सोसले, ते त्यांनी गावोगाव फिरून टिपले.

ह्या बायकांना शिकवताना कॅमेऱ्याच्या कोनांची इंग्रजी नावे पुढे आली, तेव्हा त्यांनी ती बाजूला ठेवून आपली नावे दिली. खालून वर पाहणारा कॅमेरा म्हणजे 'पटेल शॉट'. कारण जमीनदार उंचावर बसतो आणि त्याच्याकडे मान वर करूनच पाहावे लागते. वरून खाली पाहणारा कॅमेरा म्हणजे गुलामाचा शॉट. कारण जमीनदार मजुराकडे तसा पाहतो. आणि समोरासमोर, डोळ्याला डोळा भिडवून धरलेला कॅमेरा म्हणजे 'संघम शॉट'. कारण संघाच्या बैठकीत सगळ्याजणी एकाच जमिनीवर मांडी घालून बसतात. त्यांनी ठरवले की आपले चित्रण संघम शॉटनेच करायचे.

श्रोतेहो, कॅमेऱ्याविषयी मी जे काही वाचले त्यात मला इतके सरळ कोठे मिळाले नाही. पटेलाला आपल्याकडे काय म्हणतात ते मी सांगत नाही, आपण जाणताच. परंतु आमच्या जुन्या फिती ह्या दृष्टीने पाहिल्या तेव्हा मला शरम वाटली. नेता बोलतो तो खालून वर टिपलेला, आणि ऐकणारे कामगार व्यासपीठावरून खाली, नुसत्या डोक्यांचे समुद्र. आमच्याही कॅमेऱ्यात एक जमीनदार बसला होता. फाटकासमोरची ती एकच फीत वेगळी होती. तिच्यात प्रत्येक माणूस समोरासमोर होता. आणि नेमकी तीच मी घालवली.

कामगार संघटनेने कॅमेरा हाती घेण्याची कल्पनाही नवी नाही. अहमदाबादची 'सेवा' ही इला भट्ट ह्यांनी १९७२ साली उभी केलेली, हातावर पोट असणाऱ्या बायकांची युनियन. १९८४ साली तिच्या सभासद बायका व्हिडिओ शिकल्या. त्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, निरक्षर होत्या. अक्षर वाचता येत नसले तरी कळांचे रंग आणि खुणा वाचता येतात, आणि काय टिपायचे हे तर त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते. तेव्हाची यंत्रे खांद्यावर ओझ्यासारखी वाहावी लागत. त्यांपुढे आपला हँडीकॅम म्हणजे खेळणे.

टिपून जपून ठेवले तर काय घडते, त्याचे एकच उदाहरण देतो. आनंद पटवर्धन ह्यांच्या १९८५ सालच्या 'हमारा शहर' ह्या चित्रपटात शाहीर विलास घोगरे गाताना दिसतात. ११ जुलै १९९७ रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसे मेली. त्या दुःखाने शाहीर घोगरे ह्यांनी काही दिवसांत आपले जीवन संपवले. पटवर्धनांनी तेथून चित्रण सुरू केले आणि चौदा वर्षांनी, २०११ साली, 'जय भीम कॉम्रेड' पुरा झाला. शाहीर गेले, त्यांचा आवाज, १९८५चा, त्या चित्रपटात उभा राहिला. चौदा वर्षांच्या चित्रणाची एकेक पेटी नाव घालून जपली गेली असेल, तेव्हाच हे शक्य झाले. त्यांच्या खणात "गेट" असे लिहिलेल्या कॅसेटी नसणार.

आता आपल्या ट्रंकेकडे येऊ. तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे. संतांच्या मेळ्यात त्यांनी थापटणे घेऊन एकेकाच्या डोक्यावर मारून पाहिले, मडके पक्के की कच्चे. आकड्यांच्या फितीचा न्याय तसाच आहे. व्हीएचएसची फीत हळूहळू फिकी होई, पावसासारखे पांढरे ठिपके दिसत, पण माणूस दिसत राही. मिनी डीव्हीत थोडी चूक झाली तर यंत्र स्वतः ती दुरुस्त करून घेते आणि आपल्याला पत्ता लागत नाही. चुका मर्यादेबाहेर गेल्या की एकदम चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो, आणि मडके फुटते. म्हणजे वरून चांगली दिसणारी फीत आतून कोठवर आली आहे ते कळत नाही. म्हणून थापटणे आज घ्यायचे. मडके गळू लागेपर्यंत थांबायचे नाही.

उशीर करण्याला आणखी एक अडचण आहे. बाजार ह्या फितीला सोडून चालला आहे. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये मिनी डीव्ही कॅसेटींचे उत्पादन थांबवले. ह्या कॅमेऱ्यातले आकडे संगणकात जसेच्या तसे उतरवायला फायरवायर नावाची जोडणी लागते. तीही नव्या संगणकांवर नसते, आणि ॲपलने २०२५च्या आपल्या नव्या प्रणालीतून तिचा आधार काढून टाकला. म्हणून जुना संगणक भंगारात घालण्यापूर्वी त्याच्या मागे-बाजूला ते छिद्र आहे का पाहा. आपल्या प्रत्येक तालुक्याच्या गावी लग्नाचे शूटिंग करणारे जुने फोटोग्राफर आहेत. त्यांच्या माळ्यावर कॅमेरा, वायर आणि फायरवायरचे कार्ड ह्या तिन्ही वस्तू मिळण्याचा संभव मोठा आहे. त्यांची मजुरी द्या. घासाघीस करू नका. हे काम तासाला तासाचे आहे. साठ मिनिटांची फीत उतरवायला साठ मिनिटेच लागतात, त्यात पाळी कमी होत नाही.

पद्धत सांगतो. प्रथम बिनमहत्त्वाची कॅसेट घालून यंत्र फीत खात नाही ना, ते पाहावे. मग आपली कॅसेट घ्यावी आणि आधी तिची खिट्टी सेव्हकडे आहे याची खात्री करावी. फीत एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे गुंडाळावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून बसलेले वेढे मोकळे होतात. जुनी बॅटरी बहुधा मेलेली असते. कॅमेरा विजेच्या अडॅप्टरवर चालवावा. दोन्ही यंत्रे बंद असताना वायर लावावी, आणि ते नाजूक टोक जोराने दाबू नये. कॅमेऱ्याला यूएसबीचेही छिद्र असते. ते पाहून काम झाले असे समजू नका. पुष्कळ कॅमेऱ्यांत ते फक्त फोटोंसाठी किंवा कमी प्रतीच्या चित्रासाठी असते. पिवळी, लाल, पांढरी अशी तीन वायरींची वाटही आहे, परंतु त्या वाटेने आकड्यांचे पुन्हा विजेत रूपांतर होते आणि आपली कार्बन कॉपी परत येते. दुसरा मार्ग नसेल तरच तिकडे जावे. फायरवायरने उतरवलेली एका तासाची फीत सुमारे १३ जीबी जागा घेते. एक टीबीच्या डिस्कवर सत्तर-पंचाहत्तर तास मावतात. गावच्या एका पिढीची लग्ने आणि मोर्चे एका डिस्कवर बसतील.

नकला तीन असाव्यात. दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि तिसरी दुसऱ्या गावी. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे लोहारा-उमरग्याच्या भागात काय झाले ते आपण पाहिले आहे. ज्या घरात वस्तू होती ते घरच राहिले नाही. सास्तूरच्या माणसाला तिसरी नकल दुसऱ्या गावी का ठेवायची, हे समजावून सांगावे लागणार नाही.

नक्कल झाली म्हणून मूळ फीत फेकू नये. येथे कायद्याचा प्रश्न येतो, आणि तो आपल्या मराठवाड्यातच उभा राहिला. २०१४च्या विधानसभा निवडणुकीत जालन्याला उमेदवारी अर्ज दुपारी तीनच्या मुदतीत आला की नंतर, असा वाद निघाला. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतले व्हिडिओ चित्रण पुरावा म्हणून पुढे आले. प्रकरण औरंगाबाद खंडपीठातून सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि १४ जुलै २०२० रोजी अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल ह्या खटल्याचा निकाल लागला. न्यायालयाने सांगितले की यंत्राचा मालक मूळ यंत्र घेऊन स्वतः साक्षीला उभा राहिला तर वेगळा दाखला नको. पण नक्कल दाखल करायची असेल तर कायद्याने सांगितलेला दाखला हवाच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये तो दाखला आहे. त्यात आता फाइलची हॅश द्यावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठा समजा. आत एक आकडा बदलला तरी ठसा बदलतो. म्हणून नक्कल करताच हॅश काढून वहीत लिहून ठेवावी, आणि मूळ कॅसेट उभी करून, कोरड्या जागी, स्पीकर आणि लोहचुंबकापासून दूर ठेवावी.

आणि शेवटी वही. प्रत्येक कॅसेटला क्रमांक द्या. वहीत तारीख, गाव, प्रसंग, आणि कितव्या मिनिटाला कोण बोलते ते लिहा. यंत्र चित्र जपते, नाव जपत नाही. आज तुमच्या घरात अशी एक वृद्ध बाई असेल की जी पडद्याकडे पाहून सांगेल, "ती निळ्या लुगड्यातली म्हणजे आमच्या मावशीची नणंद." ती गेल्यावर निळ्या लुगड्यातली बाई कायमची अनोळखी होईल. तिला समोर बसवा, फीत लावा, आणि ती सांगेल ते लिहून घ्या. ह्या कामाला कोणी इंजिनियर लागत नाही.

आता त्या बाईंकडे परत येतो. हळद संपल्यानंतर फाटकाची फीत मधूनच सुरू झाली. मी त्यांची क्षमा मागितली. बाई काही बोलल्या नाहीत, मुलगी म्हणाली, "पुढचं तर लावा." आम्ही पुढची सगळी फीत पाहिली. अगदी शेवटी, माणसे पांगत असताना, कॅमेरा कोणाच्या तरी हातात नुसताच चालू राहिला होता. त्यात गर्दीची पाठ दिसते. कोणीतरी त्या माणसाचे नाव घेऊन हाक मारते. खांद्यावर टॉवेल असलेला एक पाठमोरा माणूस अर्धा वळतो आणि म्हणतो, "आलो, आलो."

एवढेच. दोन शब्द, तेही एकच शब्द दोनदा. मुलीने ते पाच वेळा लावायला सांगितले. मग तिने आपला फोन त्या लहान पडद्यासमोर धरून ते टिपून घेतले. आज त्या फितीच्या तीन नकला आहेत आणि वहीत त्या मिनिटापुढे त्यांचे नाव आहे. राहिलेल्या एकतीस कॅसेटींपैकी सत्तावीस आम्ही उतरवल्या. चार गेल्या.

श्रोतेहो, आज घरी गेल्यावर ट्रंक उघडा. फार काही करू नका; नुसत्या खिट्ट्या सरकवा आणि नावे लिहा. पावसाळ्याची ओल येण्यापूर्वी उतरवण्याची व्यवस्था करा. ज्यांना यंत्र मिळत नसेल त्यांनी युनियनच्या कचेरीत यावे. आमचा तो जुना हँडीकॅम अजून चालतो.